मुदतवाढीचा फळा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "लेख द्यायची शेवटची तारीख काय?" त्यांनी सांगितली. मग दुसरा विचारला, "वाढून मिळायची काही शक्यता?" ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी अजिबात थट्टा करत नव्हते. ज्या बाईनं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या शेवटच्या तारखांवर पोट भरलं, ती स्वतःचं काम आठ दिवस आधी करील, असं समजणाऱ्या माणसानं अंक काढतो म्हणून सांगू नये. हा लेख मी शेवटच्या दिवशी दुपारी पाठवतेय, आणि पोच मागून घेणार आहे.

मी वडवणीत कर सल्लागार होते. म्हणजे दुकानदारांची, डॉक्टरांची, संस्थांची आयकराची आणि जीएसटीची रिटर्नं भरून द्यायची, नोटीस आली की उत्तर लिहायचं, आणि नोटीस आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं. मी सनदी लेखापाल नाही, वकील तर मुळीच नाही. पण आमच्याकडं जो सरकारी कागद वाचतो तो वकील, म्हणून मी सगळ्या तालुक्याची 'वकीलबाई'. एकदा एक गृहस्थ बांधाचं भांडण घेऊन आले. मी म्हटलं, "बाबा, मी त्यातली नाही, मी फक्त टॅक्सचा सल्ला देते." ते मांडी घालून बसतच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. सल्ला देता ना? मग ह्याचा बी द्या." दिला. भांडण मिटलं की नाही ते कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात दारात भोपळा येऊन पडला होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचा धंदा आकड्यांचा. आकडे सोपे असतात हो, ते एकदा लिहिले की बसल्या जागी बसतात. चळतात त्या तारखा. अमुक रिटर्न अमुक तारखेच्या आत, अमुक अहवाल तमुक तारखेच्या आत, असं वर्षभर चालू असतं. मग कुठं पूर येतो, कुठं वादळ येतं, मधे तर साथीच्या रोगानं दोन वर्षं सगळ्या तारखांचा पार खिचडा केला, आणि सरकार म्हणतं, बरं, या लोकांना मुदत वाढवून देऊ. इथपर्यंत सगळं चांगलं असतं. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो.

कारण आदेश निघतो दिल्लीत नाहीतर मुंबईत, आणि तो निघायच्या आधीच आमच्या स्टँडवर पोचलेला असतो. कोणीतरी कोणालातरी पाठवलेला मेसेज, त्यावर लाल अक्षरात 'मोठी बातमी', खाली तीन वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाचा फोटो, वर्ष तेवढं बोटानं झाकलेलं. सप्टेंबर लागला की मी भाजी घ्यायला निघाले तरी चार जण विचारायचे, "वाढली का वो बाई?" काय वाढली, कशाची वाढली, हे विचारणाऱ्यालाही माहीत नसायचं. घरात सुनेला दिवस गेलेत का, हे जसं शेजारीण हळूच विचारते, तसं अदबीनं विचारायचे.

मुदत वाढली म्हणजे नेमकं काय वाढलं, हे बघायला पाच गोष्टी तपासाव्या लागतात. कोणत्या वर्षाची, कोणत्या रिटर्नची, कोणत्या लोकांना, कोणत्या जिल्ह्यांना, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसता कागद भरायला वाढली की कर भरायलाही. कैक वेळा कागद महिन्याभरानं भरला तर चालतो, पण कर मात्र जुन्याच तारखेला भरायचा असतो, नाहीतर व्याज चालू. लोक 'वाढली' एवढं ऐकतात आणि घरी जाऊन झोपतात. त्यांना उठवायचं काम माझं.

मीही एकदा अशीच झोपले होते, तेही सांगायला पाहिजे. आष्टीचा एक बॅटरीवाला माझ्याकडं होता. ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या विकायचा. अत्यंत सरळ माणूस. एका वर्षी जोराचा पाऊस झाला, त्याच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं, आणि जीएसटीच्या मुदतवाढीच्या यादीत आपल्या जिल्ह्याचं नाव आलं. मी स्वतः आदेश वाचला. स्वतः त्याला फोन केला, "घाई करू नका, आधी दुकान धुऊन काढा." त्यानं चार वेळा धन्यवाद दिले. महिन्यानं रिटर्न भरायला बसले तर विलंब शुल्क लागलेलं. का? तर त्याचं पहिलं दुकान नगरला होतं. नोंदणीत धंद्याची मुख्य जागा नगरची, आणि आष्टीचं दुकान जादा जागा म्हणून. आदेश चालतो तो मुख्य जागेच्या जिल्ह्यावर. पाणी कुठं शिरलं ते आदेशाला माहीत नसतं. ते मला माहीत असायला पाहिजे होतं, कारण ती नोंदणी मीच करून दिली होती.

शुल्क मी भरलं. तो नको नको म्हणत होता, तरी भरलं. त्यानं एका शब्दानं राग दाखवला नाही, उलट हंगामात सीताफळांची पाटी पाठवली. पण त्यानंतर मी त्याला कुठलीही तारीख सांगितली की तो "बरं बाई" म्हणायचा आणि मग नगरच्या कोणालातरी फोन करून खात्री करून घ्यायचा. मला ते कळायचं. सीताफळं गोड होती, पण ती गोष्ट मला अजून टोचते.

त्याच वर्षी मी फळा लावला. गावातल्या शाळेला पांढरे फळे आले तेव्हा जुना काळा फळा भंगारात निघाला होता, तो उचलून आणला आणि ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीला टांगला. त्यावर तीन रकाने आखले. पहिला 'ऐकलं', दुसरा 'वाचलं', तिसरा 'सही पाहिली'. स्टँडवरची बातमी पहिल्या रकान्यात. पेपरात किंवा बातम्यांत आली की दुसऱ्यात. आणि सरकारी संकेतस्थळावर आदेश उघडून, त्याचा क्रमांक आणि खालची सही माझ्या डोळ्यांनी बघून, ते पाच प्रश्न विचारून झाले की तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्यात येईपर्यंत माझ्या ऑफिसात जुनीच तारीख खरी. एकदा तिथं आली की त्या कामाच्या सगळ्या फायली मी लाल फडक्यात बांधून माळ्यावर टाकायची आणि आज ज्याची निकड आहे ते काम खाली घ्यायची. ही माझी पद्धत, आणि मला तिचा फार अभिमान होता.

फळ्याची गंमत अशी झाली की तो सगळ्या गावाचा झाला. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून आलेली माणसं, ज्यांचा टॅक्सशी काडीचा संबंध नाही, तीही उभी राहून वाचायची. एक मुकादम होते, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे. ते मोटारसायकल बंद न करताच विचारायचे, "बाई, कितव्या खणात हाय?" मी "दुसऱ्या" म्हटलं की म्हणायचे, "मंग अजून कच्चीच हाय," आणि निघून जायचे. रिटर्न त्यांनी जन्मात भरलेलं नव्हतं.

आता ज्या सप्टेंबरची गोष्ट सांगायची आहे, तिच्याकडं येते. त्या वर्षी महिन्याच्या शेवटी आमच्याकडं जो पाऊस झाला तो म्हाताऱ्या माणसांनीही पाहिला नव्हता. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची सवय, तिथं नद्यांनी रस्ते ओलांडले. सोयाबीन पाण्यात, कापूस पाण्यात, तारा तुटलेल्या. माणसं खचली होती, ते खोटं कशाला सांगू. आणि बरोबर त्याच आठवड्याच्या शेवटी, तीस सप्टेंबरला, लेखापरीक्षण अहवाल दाखल करायची शेवटची तारीख होती. ज्यांचे हिशेब सनदी लेखापालानं तपासावे लागतात, अशा मोठ्या धंद्यांना आणि धर्मादाय संस्थांना ती लागू. वीज नाही, नेट नाही, आणि फळ्यापुढं छत्र्यांची गर्दी.

चार-पाच दिवस आधी मुदतवाढ आली. पहिल्या रकान्यात सकाळी, दुसऱ्यात दुपारी. तिसऱ्यासाठी मी संध्याकाळपर्यंत गावाला ताटकळत ठेवलं, कारण आदेश काही केल्या उघडेना. शेवटी उघडला. वाचला, पाचही प्रश्न विचारले, बाहेर जाऊन तिसऱ्या रकान्यात लिहिलं : एक महिना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या हॉटेलवाल्यानं चहा फुकट दिला, जे त्यानं आधी किंवा नंतर कधी केलं नाही. मी सगळ्या अहवालांच्या फायली लाल फडक्यात बांधल्या, माळ्यावर टाकल्या आणि घरी जाऊन कितीतरी दिवसांनी निवांत जेवले.

त्या गठ्ठ्यात एक फाईल नानांची होती.

नाना म्हणजे नदीपलीकडच्या गावचे निवृत्त क्रीडाशिक्षक. गळ्यात अजून शिट्टी. आमच्या भागातली जोडपी दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, पाच-सहा महिने तिकडंच. लेकरं बरोबर गेली की शाळा सुटली म्हणून समजा. ती जाऊ नयेत म्हणून नाना आणि त्यांच्या बायको, सुमनकाकू, गावाच्या कडेला एक वसतिगृह चालवायचे. आई-बाप उसाच्या फडात, लेकरं इथं. साठ-पासष्ट लेकरांचं सहा महिन्यांचं धान्य, तेल आणि पांघरुणं पुण्याची एक देणगीदार संस्था पाठवायची. त्यांच्या गाडीशिवाय चूल पेटायची नाही, इतकं ते सरळ होतं.

अठ्ठावीस तारखेला बाजार होता. पाऊस जरा थांबला म्हणून नाना पावसाळ्यापुरती घरी आणलेल्या वसतिगृहाच्या मोठ्या कढईला कान बसवून घ्यायला आले, आणि कढई डोक्यावर घेऊनच माझ्या ऑफिसात शिरले.

"वकीलबाई, तारीख वाढली म्हणं. लई बेस झालं."

"वाढली नाना. तिसऱ्या रकान्यात आहे."

"मंग पुण्याची पावती बी महिन्यानंच पाठवायची का?"

"कसली पावती?"

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं पत्र काढलं. देणगीदारांचं. अहवाल दाखल केल्याची पोच तीस सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं यावी. न आल्यास या वर्षीची मदत प्रतीक्षेतल्या पुढच्या संस्थेला देण्यात येईल. मी माळ्यावरून गठ्ठा खाली ओढला. नानांच्या फाईलला तेच पत्र टाचणीनं लावलेलं होतं. टाचणी मीच लावली होती, एप्रिलमध्ये.

सरकारची तारीख वाढली होती. देणगीदारांची तारीख सरकारनं कशाला वाढवावी? आदेशाला पाच प्रश्न विचारणाऱ्या बाईनं फाईलला एकही विचारला नव्हता. मला आष्टीचा बॅटरीवाला आठवला. देणगीदारांना फोन लावला, तर त्यांचं ऑफिस तीस तारखेपर्यंत बंद. मेल केला, उत्तर नाही. हातात उरले दोन दिवस.

नानांना मी सरळ सांगितलं, "नाना, ही माझी चूक आहे."

ते कढईवर बसत म्हणाले, "चूक तुमची असंल, लेकरं आपली हायत. काय करायचं ते सांगा."

अहवाल दाखल होतो तो दोन पावलांत. आधी सनदी लेखापाल आपल्या सहीनं तो पोर्टलवर चढवतो. मग संस्थेचा माणूस आपल्या खात्यातून 'मान्य आहे' म्हणतो, आणि ते म्हणणारा खरोखर तोच आहे हे पटवायला त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो. पहिलं पाऊल अंबाजोगाईच्या शेख साहेबांचं. ते आमचे लेखापाल, तपासणी त्यांनी कधीच संपवली होती. त्यांना फोन केला तर म्हणाले, "बाई, फिक्र नका करू. हमारे यहाँ लाइट नाही, पण दोस्त डॉक्टरच्या दवाखान्यात इन्व्हर्टर आहे. मी पेशंटांच्या रांगेत बसून चढवतो." आणि खरंच एकोणतीसला दुपारी त्यांनी चढवला. नंतर कळलं, कंपाउंडरनं त्यांना नंबराची चिठ्ठीही दिली होती.

दुसरं पाऊल सोपं होतं. मी म्हटलं, "नाना, मोबाइल काढा."

नानांनी काढला. मी बघितलं आणि विचारलं, "आधारला हाच नंबर आहे ना?"

नव्हता. आधार काढलं तेव्हा त्यांच्याकडं मोबाइल नव्हता. काकूंचा नंबर दिला होता. काकू नदीपलीकडं. आणि अठ्ठावीसच्या संध्याकाळपासून पूल पाण्याखाली, म्हणून नाना कढईसकट माझ्याच घरी मुक्कामाला. पलीकडच्या गावाला तीन दिवस वीज नव्हती, टॉवर बंद, काकूंना फोन लागायचा प्रश्नच नव्हता.

तीस तारखेला सकाळी आम्ही नदीवर गेलो. पाणी ओसरत होतं, पण पुलावर अजून होतंच. पलीकडच्या काठावर दहा-वीस माणसं उभी होती, पाणी बघत. नानांनी शिट्टी मारली, हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात काही पोचेना. तिकडून कोणीतरी हात हलवला, इकडून आम्ही हलवला. असा हात हलवण्याचा कार्यक्रम बराच वेळ चालला.

तेव्हा मुकादम, तेच मोटारसायकल बंद न करणारे, म्हणाले, "बाई, तुमचा फळा आणू का?"

मला ते आधी सुचलं नाही याची मला लाज वाटली. अर्ध्या तासात टेम्पोतून फळा आला. मी तिन्ही रकाने पुसले. आयुष्यात पहिल्यांदा तिसरा रकाना मी एवढ्या घाईत पुसला. मग हातभर अक्षरात लिहिलं : सुमनकाकू, फोन घेऊन या. दोघांनी फळा उचलून डोक्यावर धरला, नानांनी शिट्टी मारली. पलीकडच्या माणसांनी फळा पाहिला आणि टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं अजून मुदत वाढली! माझ्या फळ्याची कीर्ती तिकडंही पोचली होती ना. नाना उड्या मारून ओरडले, "अबे टाळ्या काय वाजवता, वाचा की बे!"

वाचलं शेवटी. एक जण गावाकडं पळाला.

अकराच्या सुमारास पूल उघडा पडला. थोड्या वेळानं त्यावरून ट्रॅक्टर आला, सावकाश, आणि ट्रॉलीत पोत्यावर काकू बसलेल्या. मांडीवर स्टीलचा डबा. डब्याच्या झाकणाला कडेनं भिजवलेली कणीक लिंपलेली, जशी आपण वाफ जाऊ नये म्हणून पातेल्याला लावतो. आत मोबाइल. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो भरूनही आणला होता. नानांनी हात पुढं केला तर काकूंनी डबा पदराखाली घेतला.

"आधी सांगा, काय काम हाय?"

आमच्याकडची वीज तोवर परत आली होती. ऑफिसात आल्यावर मी त्यांना सगळं समजावलं. नानांच्या नावानं एक नंबर येईल, तो फक्त मला सांगायचा. काकूंनी कणीक सोलून काढली, मोबाइल चालू केला, आणि मान हलवली.

"नंबर न्हाई सांगायचा."

"काकू, तो इथं घालावा लागतो."

"बँकेतल्या बाईनं सांगितलंय. ओटीपी कुनालाच सांगायचा न्हाई. बचत गटाच्या मिटिंगीत सगळ्या बायांकडून वदवून घेतलंय."

"अगं, माझ्याच नावाचा हाय तो!" नाना ओरडले.

"नवऱ्याला बी न्हाई म्हणाली ती."

दारात गर्दी जमली होती. खिडकीतून मुकादम डोकावत होते. मी काकूंच्या पाया पडायची तेवढी राहिले. शेवटी तह झाला : काकू कोणालाही सांगणार नाहीत, स्वतःच्या हातानं घालतील. मी खुर्ची सोडली, काकू बसल्या. चष्मा पुसला. ओटीपी आला. काकूंनी एक आकडा शोधला, दाबला, मग मोबाइलकडं बघितलं, मग दुसरा शोधला. तेवढ्यात कोणीतरी मागून "वर हाय, वर हाय" म्हणालं, काकूंनी रागानं मागं वळून बघितलं आणि स्क्रीन झाकली. सहा आकडे झाले, बटण दाबलं. चुकीचा.

पुन्हा मागवला. आता ऑफिसात रेंज जायला लागली, म्हणून मोबाइल घेऊन काकू अंगणात गेल्या. नंबर आला. तो पाठ करत काकू परत आत आल्या त्या तोंडावर हात ठेवून, पुटपुटलेलं कोणाला कळू नये म्हणून. रस्ता देत सगळे मागं सरले. कोणी खोकलंसुद्धा नाही. एक आकडा, दुसरा, तिसरा. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते, कारण मला बघवत नव्हतं. साठ-पासष्ट लेकरांचं सहा महिन्यांचं जेवण एका बाईच्या उजव्या हाताच्या एका बोटावर होतं, आणि ते पत्र मीच एप्रिलमध्ये टाचून विसरले होते.

"हिरवं झालं," काकू म्हणाल्या.

मी वळून बघितलं. खरंच झालं होतं. पोच निघाली. नानांनी बंद खोलीत इतक्या जोरात शिट्टी मारली की दिवसभर माझा डावा कान वाजत होता. पोच देणगीदारांना मेल केली तेव्हा घड्याळात दुपारचे पावणेदोन झाले होते. डब्यावरून सोललेली कणीकही काकूंनी टाकू दिली नाही, समोरच्या गाईला घातली. मी इतकी हसले होते आणि इतकी रडले होते की दोन्हींतलं आधी काय झालं ते आठवत नाही.

देणगीदारांची रीत अशी, की पोच मिळाली की तीन आठवड्यांनी गाडी येते. तशी ती आली, दिवाळीच्या तोंडावर. नानांनी मला मुद्दाम बोलावलं. पावसाळाभर बंद असलेलं वसतिगृह त्याच सकाळी उघडलं होतं. चार दिवसांत काही टोळ्या निघणार होत्या, म्हणून पाच-सहा आया लेकरांना घेऊन आधीच आल्या होत्या, पेट्यांवर नावं घालत. दार उघडलं तेव्हा उंबऱ्याच्या आत पुराचा गाळ वाळून पापुद्रे धरलेला, आणि त्याला चिकटलेलं एक पाकीट. पोस्टमननं कधीतरी दाराखालून सरकवलेलं. नानांना मेल बघता येत नाही, म्हणून देणगीदारांची सगळी पत्रं टपालानंच येत.

मी गाळ खरवडून ते उघडलं. पत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं. अतिवृष्टी झालेल्या जिल्ह्यांतल्या संस्थांना पोच पाठवायला एक महिन्याची मुदत वाढवून देण्यात येत आहे. खाली सही.

मी ते मोठ्यानं वाचलं. नाना आधी बघत राहिले आणि मग पोत्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजे ते ट्रॅक्टर, ती कणीक, तो फळा, समदं फुकट?"

"बरं झालं दाराखाली पडलं," काकू म्हणाल्या. "हातात पडलं असतं तर वकीलबाईंनी फाईल परत माळ्यावर टाकली असती."

खोटं कशाला बोलू? टाकली असती. लाल फडक्यात बांधून, समाधानानं टाकली असती.

काकू बोटांवर मोजत होत्या. एक महिना वाढला असता, त्यापुढं गाडीचे तीन आठवडे. मोजता मोजता त्या थांबल्या आणि अंगणातल्या आयांकडं बघितलं. त्यातल्या एकीची मुलगी पेटीवर बसून नव्या पांघरुणाचा वास घेत होती. "तवर टोळ्या गेल्या असत्या की वो," काकू म्हणाल्या. "ही समदी पोरं फडात असती." एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की मुदत वाढली, आता घाई नाही. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की मी जे सांगत होते ते कागदाला खरं होतं, ऊसतोडीच्या टोळीला नाही.

जेवणाची वेळ झाली. लेकरांचा लांब बाक गाळामुळं एका पायावर डुगडुगत होता, आणि त्यावर बसलेल्या पोरांना त्याची मजा येत होती, ताटं सांडत होती. काकूंनी माझ्या हातातून ते पत्र घेतलं. दोन घड्या घातल्या, मग तिसरी, आणि खाली वाकून बाकाच्या पायाखाली सरकवलं. हातानं बाक हलवून बघितला. हलेना.

"घ्या," पदरानं हात पुसत त्या म्हणाल्या, "आलं बघा कामाला."